इलेक्ट्रॉनिक संगीताची शिफारस केलेली ध्वनिमुद्रणे : काही महिन्यांच्या श्रवणानंतरचा अनुभव

इलेक्ट्रॉनिक आणि इलेक्ट्रोअकूस्टिक (म्हणजे नोंदवलेले आवाज आणि यंत्रनिर्मित ध्वनी यांतून रचलेल्या) संगीताच्या नव्या श्रोत्यांना जी ठरावीक ध्वनिमुद्रणे सुचवली जातात, ती मी गेले काही महिने नेमाने ऐकत आहे. अभिप्राय याआधीच लिहिणार होते, परंतु मध्येच हेडफोनची डावी बाजू बंद पडली. हमीची मुदत शिल्लक असूनही सेवाकेंद्राने तारेला ताण बसल्याचे कारण देऊन दुरुस्ती नाकारली, आणि एका तारेपायी नवा हेडफोन घेणे मला पटत नसल्याने बराच काळ एकाच कानाने ऐकावे लागले. या काळात यादीतील रचनांची आपोआप जी वर्गवारी झाली, ती मला कोणत्याही समीक्षेत आढळली नव्हती.

फ्रेंच संगीतकार पिएर शेफेर यांच्या १९४८ मधील 'एत्यूद ओ शमें द फेर'चे एका कानाने काहीच बिघडले नाही. पॅरिसच्या बातिन्योल स्थानकावर नोंदवलेले आगगाड्यांचे आवाज त्यांनी टेपवर नव्हे, तर तबकड्यांवर जुळवले होते. रचना मुळातच एका वाहिनीची (चॅनेलची, म्हणजे ध्वनीच्या एकाच स्वतंत्र प्रवाहाची) असल्याने त्यात हरवण्यासारखे काही नव्हते. अल्विन ल्यूसिए यांची १९६९ मधील 'आय अ‍ॅम सिटिंग इन अ रूम' ही रचनाही तितकीच तगली. आपले बोलणे नोंदवायचे, ते त्याच खोलीत वाजवून पुन्हा नोंदवायचे, आणि खोलीच्या अनुनादात शब्द विरघळून केवळ स्वर उरेपर्यंत हे करत राहायचे, एवढीच तिची कृती आहे. १९८१ मध्ये प्रकाशित झालेले सुमारे ४५ मिनिटांचे ध्वनिमुद्रणच घ्यावे, कारण शब्द नेमके कोणत्या फेरीत हातचे सुटतात, हे शोधण्यासाठी तेवढा अवधी हवाच.

कार्लहाइन्झ श्टोकहाउझेन यांच्या 'गेझांग डेर युंगलिंगे'ची (१९५५–५६) मात्र दैना झाली. एका मुलाचा गाता आवाज आणि यंत्रनिर्मित ध्वनी यांची वीण असलेली ही रचना मुळात पाच ध्वनिक्षेपक-गटांसाठी होती, पुढे ती चार वाहिन्यांवर आली, आणि आपल्या हाती येते ती दोन वाहिन्यांची आवृत्ती. त्यातलीही एक गेल्यावर मुलाचा आवाज वाक्याच्या मध्येच नाहीसा होऊ लागला. शेवटी एका कारागिराने तार बदलून दिली आणि तीच रचना पुन्हा ऐकताना ध्वनीची जागा हाही येथे स्वराइतकाच रचनेचा भाग आहे, हे मला प्रथम स्पष्ट कळले.

माझी मुख्य तक्रार याच कारणाने आहे. रचना मूळ किती वाहिन्यांची होती आणि तिचे स्टिरिओ, म्हणजे दोन वाहिन्यांचे, रूपांतर कोणी केले, ही माहिती ऑनलाइन विक्रीच्या पानांवर बहुधा नसते. चित्राच्या छापील प्रतीखाली मूळ आकार लिहिण्याची शिस्त आपण पाळतो. तीच येथे का नसावी? जोनाथन हार्वी यांची 'मॉर्टुओस प्लांगो, व्हिवोस व्होको' (१९८०) आठ वाहिन्यांसाठी आहे. इंग्लंडमधील विंचेस्टर कथीड्रलची घंटा श्रोत्याला चहूबाजूंनी वेढते आणि संगीतकाराच्या मुलाचा आवाज तिच्यामधून फिरतो, अशी तिची कल्पना आहे. दोन वाहिन्यांतही ती अत्यंत सुंदर आहे, परंतु आपण काय गमावत आहोत हे पैसे देणाऱ्या श्रोत्याला सांगितले गेलेच पाहिजे.

श्टोकहाउझेन यांच्याच 'कोंटाक्टे'विषयीचे (१९५८–६०) माझे मत या महिन्यांत पूर्ण बदलले. आरंभी केवळ टेपची आवृत्ती ऐकून ती मला कोरडी वाटली होती. नंतर पियानो आणि तालवाद्ये असलेली आवृत्ती ऐकली; तिथे यंत्रध्वनीला हाडामांसाचा जोडीदार मिळतो आणि कान स्थिरावतो. साधारण सतराव्या मिनिटाला एक स्वर खाली घसरत, मंदावत जातो आणि अखेर सुट्या ठोक्यांत मोडतो. स्वर आणि लय यांच्यामधली सीमा किती पातळ आहे, हे याहून थेट मी अन्यत्र ऐकलेले नाही.

प्रारंभ मात्र मॉर्टन सबॉटनिक यांच्या 'सिल्व्हर अ‍ॅपल्स ऑफ द मून'पासून (१९६७) करावा. बुख्ला सिंथेसायझरवरील (विद्युत-ध्वनी निर्माण करणाऱ्या यंत्रावरील) ही रचना ध्वनिमुद्रण कंपनीने खास लाँगप्ले तबकडीसाठी करवून घेतली होती, त्यामुळे घरी ऐकताना रूपांतराची शंका मनात येत नाही. तिच्या दुसऱ्या बाजूला पकडण्याजोगा ठेका आहे आणि नवख्या श्रोत्याने तीच बाजू आधी लावावी. साधा, पण दोन्ही बाजूंनी नीट वाजणारा हेडफोन तेवढ्यासाठी पुरेसा आहे. तार मात्र बदलता येण्यासारखी पाहून घ्यावी.