जंतुनाशक वाइप्स: आठ महिने वापरल्यानंतर

घरात लागोपाठ दोनदा सगळ्यांना उलट्या-जुलाब झाले, तेव्हा जंतुनाशक वाइप्सचा पहिला डबा आणला. त्याला आता आठ महिने झाले. वस्तू कामाची आहे. पण पहिले तीन महिने मी ती चुकीची वापरली, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

दाराची मूठ वाइपने पुसायची आणि ओल दिसू नये म्हणून लगेच कोरडं फडकं मारायचं, अशी माझी पद्धत होती. एक दिवस डब्यामागचा बारीक मजकूर नीट वाचला. जागा पूर्ण ४ मिनिटं ओली राहायला हवी, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. हा वेळ प्रत्येक उत्पादनाचा वेगळा असतो, कुठे ३० सेकंद तर कुठे १० मिनिटं. मी घड्याळ लावून बसले. पंखा चालू असताना ओट्यावरची ओल दीड मिनिटातच उडाली! म्हणजे इतके दिवस मी फक्त डाग पुसत होते. आता पंखा बंद करते, ओट्याला एकाऐवजी तीन वाइप्स घेते आणि जागा आपोआप वाळू देते. वाइप सुकत आला की टाकून देते, कारण तोच पुढे फिरवला तर इकडचे जंतू तिकडे जातात.

चिकट, मळकट जागेवर थेट वाइप मारण्यात अर्थ नाही. आधी साबणाच्या पाण्याने मळ काढायचा, मगच जंतुनाशक.

ज्यासाठी मी डबा आणला, त्याच दुखण्यात तो कमी पडू शकतो, हे फार उशिरा कळलं. अशा साथींमागे बऱ्याचदा नोरोव्हायरस असतो. बेंझाल्कोनियम क्लोराइडसारखे घटक असलेले नेहमीचे वाइप्स त्याच्यावर फारसे चालत नाहीत, अल्कोहोलचंही तेच. तिथे ब्लीच लागतं. बाटलीवर ५ टक्के सोडियम हायपोक्लोराइट लिहिलं असेल, तर १ लिटर थंड पाण्यात २० मिली घेते. हातमोजे घालून उलटी आधी कागदाने उचलायची, जागा धुवायची, मग हे पाणी लावून किमान ५ मिनिटं ठेवायचं. गरम पाणी घ्यायचं नाही, त्याने ब्लीचचा जोर जातो. कालवलेलं पाणीही दुसऱ्या दिवशी वापरत नाही.

ब्लीचबद्दल एक गोष्ट कळकळीने सांगते. पाचव्या महिन्यात संडासात आम्लाचा क्लीनर ओतलेला असताना मी वरून ब्लीच टाकलं. क्षणात डोळे चुरचुरले, घसा धरला. तो क्लोरीन वायू होता. दार-खिडकी उघडून मी बाहेर पळाले. सासूबाईंना दमा आहे आणि त्या शेजारच्याच खोलीत होत्या, हे आठवलं की अजून काळजात धस्स होतं. अमोनिया असलेल्या क्लीनरमध्ये ब्लीच मिसळलं तरी विषारी वायू होतो. आता दोन्ही बाटल्या वेगवेगळ्या कपाटात असतात, मुलांचा हात पोहोचणार नाही अशा.

नुसत्या वाइप्सच्या वासानेही सासूबाईंना खोकला येतो. त्यामुळे त्या दुसऱ्या खोलीत असतानाच पुसते आणि खिडकी उघडी ठेवते. मुलांच्या हातात वाइप देत नाही, आपले हातही त्याने पुसायचे नाहीत. ओट्यावर अन्न ठेवायचं असेल, तर वाळल्यावर साध्या पाण्याने धुऊन घेते.

तक्रारी दोन. झाकण जरा सैल राहिलं की वरचे वाइप्स कोरडे पडतात. आणि चकचकीत पृष्ठभागावर चिकट थर उरतो. वापरलेले वाइप्स संडासात मात्र कधीच टाकू नका, पाण्यात ते विरघळत नाहीत आणि पाइप तुंबतात.

रोजची सफाई मी पुन्हा साबणाच्या पाण्यावर आणली आहे. वाइप्स काढते ते घरात कुणी आजारी असेल तेव्हाच, आणि तेही ओटा, मुठी, नळ, फ्लशचं बटण, दिव्यांची बटणं एवढ्यापुरतेच. सध्याचा डबा तिसऱ्या महिन्यात आहे, अजून अर्धा शिल्लक आहे.