भरती, ओहोटी आणि तीन जोड बूट

रनिंग शूजचे बहुतेक रिव्ह्यू कोरडा डांबरी रस्ता गृहीत धरून लिहिलेले असतात. फोम किती मऊ, वजन किती ग्रॅम, संपलं. रत्नागिरीत बूट घेणाऱ्याचे प्रश्न वेगळे. आज भिजलेला जोड उद्या सकाळी घालण्याजोगा होतो का, ओल्या जांभ्या दगडावर पकड राहते का, खारं पाणी लागल्यावर सोल किती टिकतो? या तीन प्रश्नांवर इथे तीन प्रकार तोलले आहेत. कंपन्यांची नावं मुद्दाम टाळली आहेत, कारण एकाच कंपनीची दोन मॉडेलं इथे अगदी वेगळी वागू शकतात.

पहिला, जाळीचा रोड शू. वर्षातले आठ महिने हाच खरा. वरचं कापड पातळ, एकेरी जाळीचं बघा. बोट आत घालून उजेडाकडे धरलं तर सावली दिसली पाहिजे. जाड, गुबगुबीत अस्तराचा बूट दुकानात छान वाटतो, पण इथल्या दमट हवेत घाम उडून जात नाही, तो अस्तरात मुरतो आणि तिसऱ्या दिवशी वास मारतो. माप घ्यायला संध्याकाळी जा, तोपर्यंत पाय थोडे फुगलेले असतात. सर्वात लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा ठेवा. मोजे सुती नकोत. सुती मोजा पाणी धरून ठेवतो आणि पाचव्या किलोमीटरला फोड येतो. बोटांच्या बेचक्यांत खोबरेल चोळलं की फोड बराच टळतो.

या बुटाचा दोष पावसात कळतो. सोलच्या खाचा उथळ असतात, पाखाडीवरच्या, म्हणजे दगडी पायऱ्यांच्या वाटेवरच्या शेवाळावर त्या काही कामाच्या नाहीत. खरं तर शेवाळावर कुठलाच सोल धरत नाही, त्यामुळे जून ते सप्टेंबर पाखाडी आली की चालायचं, यात कमीपणा नाही. धुऊन खडबडीत झालेला उघडा जांभा मात्र ओला असला तरी पकड देतो. तिथे उलटी अडचण, तो कानशीसारखा रबर खातो.

दुसरा, खोल खाचांचा ट्रेल शू. सडा (जांभ्याचं उघडं पठार), लाल माती, बागेतल्या वाटा यांसाठी. चार-पाच मिलिमीटरच्या खाचा पुरेत आणि त्या एकमेकींपासून लांब हव्यात, नाहीतर चिखल अडकून बसतो आणि प्रत्येक पायाला पाव किलो माती बांधल्यासारखं होतं. वॉटरप्रूफ अस्तराचा महागडा बूट दुकानदार पुढे करेल. घेऊ नका. इथला पाऊस वरून, घोट्यावरून आत शिरतो, आणि आत गेलेलं पाणी त्या अस्तरातून बाहेर पडत नाही. पाणी आत येणारच, ते निघून जाणारा बूट घ्या. सड्यावर पहाटे धावायचं तर हेडलॅम्प लागतोच. फुरसं हा विषारी साप जांभ्याच्या रंगात असा मिसळतो की उजेडातही चटकन दिसत नाही.

पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून, भाताच्या खाचरांच्या कडेने धावून आलात आणि पायाला जखम असेल तर घरी आल्याबरोबर साबणाने धुवा. लेप्टोचा, म्हणजे उंदरांच्या मुतातून पाण्यात येणाऱ्या तापाचा त्रास इकडे नवीन नाही. पुढच्या काही दिवसांत ताप आणि पोटऱ्या दुखणं सुरू झालं तर धावण्याचा शीण म्हणून अंगावर काढू नका, आणि डॉक्टरांना पाण्यातून धावल्याचं सांगा.

तिसरा, पांढरा कॅनव्हासचा पीटी शू, तीन-चारशे रुपयांत मिळणारा. पोलीस भरतीची तयारी करणारी मुलं-मुली बऱ्याचदा यावरच पळतात. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० आणि दोघांनाही १०० मीटर असतं. एवढ्या अंतराला तो चालतो. पण टाचेखाली फोम जवळजवळ नसतो. त्यावर डांबरी रस्त्यावर आठवड्याला तीस-चाळीस किलोमीटर सुरू केले की महिन्याभरात नडगीची आतली बाजू दुखायला लागते. ओल्या, घट्ट वाळूवर मात्र हाच बूट या तिघांत उजवा: सपाट, हलका, धुवायला सोपा, खराब झाला तरी जीव हळहळत नाही. तिथे दोष एकच, भिजला की दोन दिवस वाळत नाही.

वाळू म्हटली की बुटापेक्षा तिथी महत्त्वाची. रत्नागिरीजवळचा भाट्ये किनारा साधारण दीड किलोमीटर, दोन फेऱ्यांत सहा किलोमीटर होतात. पण वाळू कुठली मिळणार हे पंचांग ठरवतं. मच्छीमारांचा हिशेब सरळ आहे: तिथीचा आकडा गुणिले तीन, भागिले चार, म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे धरा. ओहोटी त्याच्या सहा तास आधी किंवा नंतर. म्हणजे सकाळी सहाला धावणाऱ्याला त्रयोदशी ते द्वितीया हे दिवस सोन्यासारखे. उधाणाचे दिवस, भरतीसारखी ओहोटीही मोठी, त्यामुळे पाणी लांब समुद्रात गेलेलं आणि घट्ट ओल्या वाळूचा रुंद पट्टा मोकळा. सप्तमी ते दशमी किनारा सोडा आणि रस्ता धरा, कारण तेव्हा वाट्याला येते ती वरची कोरडी भुसभुशीत वाळू. तिच्यावर धावायला कडक जमिनीच्या दीडपटीहून जास्त ताकद लागते आणि ताण सगळा पोटरीवर येतो. ‘भरतीच्या वेळी भरतीची पोरं दिसत नाहीत’ हा विनोद इथे जुना झालाय, पण खरा आहे.

किनारा समुद्राकडे उतरता असतो, त्यामुळे एक पाय सतत खाली पडतो. जाताना ज्या रेषेवर गेलात त्याच रेषेवरून परत या, म्हणजे उतार दोन्ही पायांना सारखा वाटला जाईल. एकाच दिशेने धावून रिक्षाने परतणाऱ्यांचा गुडघा बाहेरच्या बाजूने धरतो.

पावसाच्या तोंडावर डांबरगोळे, म्हणजे समुद्रात सांडलेल्या तेलाचे चिकट गोळे, किनाऱ्याला लागतात. सोलला चिकटले तर खोबरेल चोळून काढा. पेट्रोल-रॉकेलने डाग जातो, सोबत फोमही खराब होतो.

बूट वाळवणं ही इथली निम्मी देखभाल. खारं पाणी लागलं की आधी गोड्या पाण्याने धुवा, इनसोल आणि नाड्या काढून वेगळ्या ठेवा, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, तासाभराने ते बदला, रात्री पंख्याखाली ठेवा. चुलीजवळ किंवा मेच्या उन्हात ठेवलात तर गोंद मऊ होऊन सोल पुढून उघडतो. रोज धावणाऱ्याने पावसाळ्यात दोन जोड आलटून पालटून वापरावेत. सोल सुटलाच तर नुसतं चिकटवून घेऊ नका, मोच्याकडून कडेने टाके मारून घ्या. जुना स्टॉक स्वस्तात मिळाला म्हणून हुरळू नका. पीयूचा (पॉलियुरेथेन या प्लास्टिकचा) सोल दमट हवेत खोक्यात पडल्या पडल्याही विरतो आणि पहिल्याच धावेला पापडासारखा तुटतो. विकत घेण्याआधी सोल दोन्ही हातांनी वाकवून बघा, बारीक भेगा दिसल्या तर परत ठेवा.

या सगळ्यात बुटाच्या खोक्यावर नसलेली एक गोष्ट पदरात पडते. तिथी तोंडपाठ होते, पाव घेऊन येणारा सायकलवाला हात करायला लागतो, वाडीतले कुत्रे आठवड्याभरात भुंकायचे थांबतात. मालवण-वेंगुर्ल्याकडे सकाळी रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढत असतील तर दोरावरून उडी मारून जाऊ नये, वरच्या बाजूने वळसा घालावा. थांबून दोराला हात लावलात तर उत्तमच, खांद्यांचा व्यायाम फुकटात होतो. ‘कोण पाठी लागलो काय रे?’ ही चौकशी पहिला महिनाभर होणार. ती थांबली की समजावं, लोकांनी आपल्याला वेळापत्रकात धरलं.

फोम साधारण पाचशे ते आठशे किलोमीटरांत बसतो. मधल्या भागात आडव्या सुरकुत्या पडल्या आणि अंगठ्याने दाबून तो परत उसळला नाही की त्यावर धावणं बंद. जोड टाकून मात्र देऊ नका. मार्च-एप्रिलमध्ये काजूच्या पाल्यात बी वेचायला जाताना, पाल्याखाली फुरसं असू शकतं तेव्हा, चपलेपेक्षा तो कितीतरी बरा.