फसफसत्या वाइनचा मान कुणाचा: दों पेरिन्यों की ख्रिस्तोफर मेरेट?

दों पेरिन्योंची गोष्ट बहुतेकांच्या कानावर आलेली असते. फ्रान्सच्या शॅम्पेन प्रांतात, ओव्हिलेच्या मठातला हा साधू बुडबुड्यांची वाइन चाखतो आणि सोबत्यांना हाका मारतो, ‘लवकर या, मी तारे पितोय!’ गोष्ट गोड आहे, पण खरी नाही. हे वाक्य त्याच्या तोंडी घातलं ते १९व्या शतकाच्या अखेरीस, जाहिरातीत.

मेरेटकडे असं वाक्य नाही, कागद आहे. १७ डिसेंबर १६६२ रोजी या इंग्रज वैद्याने लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे निबंध मांडला. वाइन तरतरीत आणि फसफसती व्हावी म्हणून वाइनवाले तिच्यात साखर आणि काकवी घालतात, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. पेरिन्यों मठात आला तो १६६८ साली, म्हणजे सहा वर्षांनी.

मला तर या सगळ्यात काच फार महत्त्वाची वाटते. साखर मिळाली की बाटलीतलं यीस्ट पुन्हा कामाला लागतं, वायू तयार होतो आणि बूच घट्ट असल्यामुळे तो आतच कोंडतो. दगडी कोळशाच्या भट्टीतली जाड, गडद इंग्रजी काच हा दाब सोसायची. फ्रान्समध्ये लाकडाच्या आचेवर घडलेल्या नाजूक बाटल्या तळघरात फुटत. पेरिन्योंला तर बुडबुडे नकोच होते.

म्हणून फेसाचा मान मी त्या अनाम वाइनवाल्यांना देईन. मेरेटने त्यांची नोंद ठेवली. पेरिन्योंचं मोठेपण वेगळ्या जागी आहे: निरनिराळ्या मळ्यांतली द्राक्षं एकत्र करून चव जुळवण्यात. शॅम्पेनवाले आजही तेच करतात.