हॅलोविनची डेव्हिल्ड अंडी: कोळी की भेगा?

डेव्हिल्ड अंडी म्हणजे उकडलेली अंडी अर्धी कापून, बलक काढून, त्याचंच सारण करून परत भरलेली. हॅलोविनला, म्हणजे भुताखेतांच्या पाश्चात्त्य सणाला, ती दोन प्रकारे सजवता येतात: वर ऑलिव्हचा कोळी बसवून किंवा पांढऱ्यावर काळ्या भेगा उमटवून. दोन्हींचं सारण एकच: उकडलेला बलक, मेयोनीज, मोहरीची पेस्ट, मीठ, मिरपूड. फरक आहे तो सजावटीत.

कोळ्याचा प्रकार ऐन वेळी जमतो. काळ्या ऑलिव्हचा अर्धा भाग सारणावर पालथा ठेवला की धड तयार, उरलेल्या अर्ध्याच्या बारीक चकत्या म्हणजे पाय. पाय आठ हवेत. सहा लावले तर मुंगळा होतो, आणि हे मोठ्यांआधी मुलांच्या लक्षात येतं! पण वीस-पंचवीस अंडी असली की पाय चिकटवता चिकटवता जीव मेटाकुटीला येतो.

भेगांच्या अंड्यांना तयारी आदल्या रात्रीची. अंडी 10-12 मिनिटं उकडून गार करायची, कवच न सोलता चमच्याने हलकेच टिचवायचं आणि काळा खायचा रंग घातलेल्या पाण्यात बुडवून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवायचं. सकाळी सोलताना पांढऱ्यावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या काळ्या रेघा उमटलेल्या दिसतात. जोरात टिचवलं तर मात्र नुसते डाग पडतात. कापताना सुरी दर वेळी पुसा, नाहीतर रंग बलकाला लागतो.

माझं मत भेगांना. सारणात थोडा हिरवा रंग घातला तर अंडं खरंच नासल्यासारखं दिसतं.