गावच्या पवनचक्कीसाठी सल्लागार घेतला, त्याचा अनुभव (५ पैकी ४ स्टार)

आमचं गाव बेळगाव तालुक्याच्या पश्चिमेला, बेकिनकेरे-कुद्रेमानीच्या बाजूला, डोंगर उतरला की चंदगड. भात, रताळी, काजू एवढंच पिकतं. माळावर वारं असं सुटतंय की गोठ्याचे पत्रे ऱ्हात नाहीत, म्हणून सोसायटीत विषय निघाला की गावचीच एक पवनचक्की उभी करून वीज हेस्कॉमला (आमच्याकडची सरकारी वीज कंपनी) घालता येते काय बघूया. बेळगावातल्या एका सल्लागार ऑफिसला काम दिलं, वारं मोजणं, कागदपत्रं आणि गावाला समजावणं, तिन्ही त्यांच्याकडंच.

पहिल्या दिवशी त्यांनी शेअरच्या पैशाचं नाव काढलं नाही हे मला लई आवडलं. उलट म्हणाले पत्रे उडतात ते पावसाळ्यात, चार महिन्याच्या वाऱ्यावर बाराही महिन्याचा हप्ता फिटत नाही, आधी मास्ट, म्हणजे वारं मोजायचा उंच खांब, उभारून वर्षभर मोजूया. वाऱ्याची ताकद वेगाच्या घनानं वाढते, म्हणजे सेकंदाला ५ मीटरच्या जागी ६ मीटर वारं मिळालं तर ताकद ७० टक्क्यांपेक्षा जास्त वाढते, हे देवळाच्या कट्ट्यावर खडूनं लिहून दाखवलं, तेव्हा कुठं आम्हाला कळलं की अंदाजात थोडं चुकलं तरी सोसायटी बुडेल.

मग खरी सभा. एक आजी उठून म्हणाल्या, "काय गा, त्या पंख्यानं ढग पळतात म्हणं, पाऊस गेला तर रोप कशात लावायचं?" पोरं हसायला लागली, पण आलेला इंजिनिअर हसला नाही. म्हणाला आजी, पंखा वारं तयार करत नाही, आलेल्या वाऱ्यातलीच ताकद घेतो, तीपण ५९ टक्क्यांच्या वर कुठल्याच पंख्याला घेता येत नाही, आणि ढग त्याच्या कितीतरी वर असतात, तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवू नका, सौंदत्तीला चला. आणि खरंच दोन ट्रॅक्स करून नेलं. तिथं चक्क्यांच्या खालीच ज्यांची शेती आहे त्यांच्याशी आमच्या माणसांनी स्वतः बोलून घेतलं, बायकांनी खाली उभं राहून आवाज ऐकला, येताना यल्लम्माचं दर्शन झालं. ढगाचा विषय तिथंच संपला.

पण आवाज ऐकून आल्यावर माळाजवळ रानात घरं असलेल्यांनी विचारलं, आमच्या झोपेचं काय? सरकारच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत घरापासून ५०० मीटर अंतर सांगितलंय, आणि ठरवलेल्या जागेत तीन घरं त्याच्या आत येत होती. सल्लागारांनी लगेच जागा वर सरकवली, रस्त्याचा खर्च वाढला तरी. विरोधात असलेल्या त्या तीन घरातली दोन आता शेअर घेणार म्हणतात. कोइंबतूरकडच्या ओडनथुराई पंचायतीनं २००६ मध्ये बँकेचं कर्ज काढून ३५० किलोवॅटची पवनचक्की घेतली हेपण त्यांनीच सांगितलं, त्यानं कमिटीला धीर आला.

आता एक स्टार का कापला ते. पहिली सभा त्यांनी रोप लावणीच्या दिवसात सकाळी ११ ला ठेवली, बाया सगळ्या चिखलात, जनावरं माळावर चारायला नेतात त्याच सभेत नाहीत. पुढच्या सभा आम्ही भांडून रात्री आठला घ्यायला लावल्या. अर्ज सगळे कन्नड आणि इंग्रजीत, ते समजू शकतो, पण सह्या घ्यायच्या आधी मराठीत दोन पानं द्या म्हटलं तर दोन महिने लावले, तोपर्यंत जमीन लाटतात अशी चर्चा गावात फिरून आली. आणि सांबऱ्याचं विमानतळ असल्यामुळं उंचीची एनओसी घ्यावी लागते हे सुरुवातीलाच सांगायला पाहिजे होतं, ते उशिरा कळलं.

मास्ट आता उभा आहे, दर महिन्याचे आकडे ते सोसायटीच्या फळ्यावर लावतात, डिसेंबरचे कमी आले ते पण लावले. तुमच्या गावात बोलवणार असाल तर सभेची वेळ आणि मराठी कागद हे दोन्ही करारातच लिहून घ्या.