दोनदा टर्बोचे पैसे भरले, खोट परतीच्या पाइपात निघाली

इंदूरला रामबागेत आमचं फराळाचं घरगुती काम आहे. आई आणि बायको चकल्या, अनारसे, शंकरपाळे करतात आणि मी ते पिकअपमधून देवास, धार, महूपर्यंत पोचवतो. गाडी डिझेल, टर्बोवाली (टर्बो म्हणजे इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंखा), सात वर्षं जुनी. गणपतीच्या तोंडावर तिच्या टर्बोतून शिट्टीसारखा आवाज यायला लागला, चढावर दम जायला लागला. त्यापायी तीन महिन्यांत माझे ४९,५०० रुपये गेले. ते कसे काढून घेतले गेले ते सविस्तर लिहितो, कारण ज्या पाइपाने हे सगळं घडवलं तो गाडीखाली टॉर्च मारली तर कुणालाही दिसतो.

रिंग रोडवरच्या एका गॅरेजात गाडी टाकली. मालकाने बॉनेट उघडून दोन मिनिटांत निकाल दिला, "भिया, टर्बो गया समझो. नया पीस डलेगा, इकतीस हजार." मी पक्कं बिल मागितलं, तर म्हणाला, "फालतू में जीएसटी क्यों भरते हो?" सणाची घाई होती, मी ऐकलं. शिक्का मारलेली एक चिठ्ठी मिळाली. जुना टर्बो मागितला तेव्हा उत्तर आलं की तो "एक्सचेंज में गया". एक गोष्ट मात्र त्या दिवशी बरी केली. वॉरंटीला लागेल म्हणून बसवलेल्या टर्बोच्या नंबरपट्टीचा फोटो काढून ठेवला.

बारा दिवसांनी धारहून परत येताना सिग्नलला उभा होतो. हिरवा दिवा लागला, पाय दिला आणि मागे निळसर धुराचा लोट. मागचा स्कूटरवाला ओरडलाच. घरी येऊन गेज काढून पाहिला तर ऑईल जवळजवळ लिटरभर कमी. गॅरेजवाला म्हणाला, नवा पीसही कधी कधी खराब निघतो, दुसरा बसवून देतो, फरकाचे १८,५०० द्या, बाकी मी सोसतो. दिले. धूर चार दिवस थांबला आणि पुन्हा सुरू झाला. तिसऱ्या खेपेला त्याने चालू इंजिनाचं ऑईलचं झाकण काढून थोडी वाफ दाखवली आणि म्हणाला, पिस्टनच्या रिंगा गेल्या, ६५,००० लागतील. तेवढे पैसे माझ्याकडे नव्हते, म्हणूनच मी वाचलो.

मामेभावाने पालद्यातल्या एका काकांकडे नेलं. लेथचं आणि डिझेल इंजिनांचं काम करता करता त्यांचे केस पांढरे झालेत. त्यांनी आधी चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे आत हवा किती दाबली जाते ते, मोजलं, २४ ते २६ बारच्या दरम्यान आलं. "रिंगा ठणठणीत आहेत हो. इंजिन खोलायला कोणी सांगितलं तुम्हाला?" मग गाडी खालून बघायच्या खड्ड्यावर घेतली, टॉर्च टर्बोखाली धरली आणि मला म्हणाले, "या, स्वतः बघा."

टर्बोच्या पोटातून निघालेला काळा रबरी पाइप स्टार्टरच्या मागून खाली झोळीसारखा लोंबत होता, तिथून पुन्हा वर चढत होता आणि ऑईल पॅनच्या, म्हणजे आपले मेकॅनिक ज्याला चेंबर म्हणतात त्याच्या, अगदी बुडाशी एका निपलमध्ये घुसला होता. निपलभोवतीचं वेल्डिंग ताजं होतं. काकांनी पाइप दोन बोटांत दाबला. भिजलेल्या पावासारखा मऊ. तो कूलंटचा, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याचा, होज होता. कूलंटचं रबर गरम पाणी वर्षानुवर्षं सोसतं, ऑईलने मात्र फुगतं आणि आतून बुजत जातं. आधीच तीन सुती (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग), त्यात फुगलेला.

त्यांनी समजावलं ते मी माझ्या शब्दांत सांगतो. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो आणि ऑईलच्या पातळ थरावर तरंगतो. त्याला ऑईल येतं ते पंपाच्या दाबाने, बारीक नळीतून. परत जाताना मात्र मागे कुठलाच दाब नसतो. फेस झालेलं ते ऑईल केवळ उताराने खाली जातं. म्हणून परतीचा पाइप आतून किमान अर्धा इंच हवा, शक्यतो त्याहून मोठा, आणि टर्बोपासून चेंबरपर्यंत सलग उतरता. कुठे झोळ नको, कुठे चढ नको. टर्बोचं खालचं तोंडही उभ्या रेषेपासून ३५ अंशांहून जास्त कललेलं चालत नाही. आणि चेंबरमध्ये तो ऑईलच्या पातळीच्या वरच शिरला पाहिजे. पातळीखाली शिरला की साठलेलं ऑईल वाट अडवतं आणि टर्बोचं पोट भरत जातं. दांड्याच्या दोन्ही टोकांना जे सील असतं ते रबराचं नसतं, पिस्टनच्या रिंगेसारखी बारीक धातूची रिंग असते. साठलेलं ऑईल अडवणं तिच्याच्याने होत नाही. मग ते एकीकडून सायलेन्सरमध्ये जाऊन धूर होतो, दुसरीकडून इंटरकूलरमध्ये, म्हणजे टर्बोकडून इंजिनात जाणारी हवा गार करणाऱ्या भागात. आमच्या इंटरकूलरमधून काकांनी पाऊण वाटी ऑईल ओतून दाखवलं. "हे जास्त झालं असतं तर इंजिन याच ऑईलवर पळालं असतं," ते म्हणाले. "डिझेल गाडी अशी पळाली की चावी फिरवून थांबत नाही." मी महिनाभर ही गाडी मानपूरच्या घाटातून नेत होतो, दोनदा तर शेजारी बायको बसलेली होती. ते ऐकून माझे हातपाय गार पडले.

चेंबर खाली उतरवून त्यांनी तो टेबलावर सरळ ठेवला, निपलला बूच मारलं आणि काढलेलं ऑईल मोजून परत त्यात ओतलं. भोक दोन बोटं बुडालं. मग ऑईल उपसून घेणारी जाळी दाखवली. जाळीत निळ्या सिलिकॉनचे तुकडे अडकले होते, काही शेवेएवढे लांब. परतीचा कंपनीचा लोखंडी पाइप ब्लॉकमध्ये, म्हणजे इंजिनाच्या मुख्य ठोकळ्यात, जायचा. तो काढताना गॅरेजवाल्यांनी बोल्ट आत तोडला होता, मग ते तोंड पत्रा लावून सिलिकॉनने बुजवलं आणि नवी वाट चेंबरला भोक पाडून काढली. जाळी पूर्ण बुजली असती तर पूर्ण इंजिनच बसलं असतं. बोल्ट तुटणं मी समजू शकतो, जुन्या गाडीत तुटतात. पण ते मला सांगितलं नाही, आणि त्या चुकीतून निघणाऱ्या धुराचे पैसे पुन्हा माझ्याकडूनच घेतले. याचाच मला सगळ्यात जास्त राग आहे.

आता "दुसरा पीस". काकांनी टर्बोची पट्टी पुसली आणि मी मोबाईलमधला फोटो शेजारी धरला. नंबर तोच. पट्टीच्या डाव्या कोपऱ्यावरचा तिरका ओरखडा तोच. म्हणजे १८,५०० रुपयांत त्यांनी तोच टर्बो धुऊन परत बसवला होता. चार दिवस धूर थांबला तो त्या धुण्यामुळे. पहिलाही नवा नव्हताच. चंदेरी रंगाखाली नखाने खरवडलं की जुना गंज दिसत होता.

काकांनी ते भोक वेल्डिंगने बंद केलं, चेंबरच्या बाजूला वर, पातळीच्या पुष्कळ वर, नवा निपल लावला आणि पाच सुती लोखंडी पाइप सलग उतारावर बसवला. जोडाला ऑईल सोसणाऱ्या रबराचा आखूड तुकडा. टर्बोच्या तोंडाला कागदी गॅस्केट, सिलिकॉन अजिबात नाही. भोक पाडताना चेंबर गाडीवरून उतरवलेला असलाच पाहिजे, नाहीतर बुरादा थेट ऑईलमध्ये जातो, हे त्यांनी मला दोनदा बजावलं. ब्लॉकचं तोंडही नीट पत्रा कापून बंद केलं. ऑईल, फिल्टर धरून ७,२०० रुपये. टर्बो तोच आहे, आणि त्यानंतर तीन हजार किलोमीटरमध्ये धुराची रेघही नाही.

फुगलेला होज आणि फोटो घेऊन मी गॅरेजात गेलो. मालक आधी म्हणाला, "लड़के ने किया होगा." मग म्हणाला, "कच्ची पर्ची पे क्या कर लोगे?" तेव्हा १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. त्यातून काही हाललं नाही, म्हणून जिल्हा ग्राहक आयोगात गेलो. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला तिथे फी लागत नाही, वकील केलाच पाहिजे असंही नाही, आणि फसवणूक झाल्यापासून दोन वर्षांच्या आत जावं लागतं. पक्कं बिल नसलं तरी यूपीआयच्या नोंदी, शिक्क्याची चिठ्ठी, पट्टीचा फोटो आणि काकांनी सहीनिशी लिहून दिलेला कागद जोडला. नोटीस गेल्यावर मालकाचा फोन आला, दहा हजार घ्या आणि मिटवा. मी नाही म्हटलं.

पहिली तारीख पुढच्या महिन्यात आहे. अर्जात पैशांबरोबर माझा जुना टर्बोही परत मागितला आहे. काकांच्या मते तो थोडक्या पैशांत दुरुस्त झाला असता. तो कोणाला विकला, हे मालकाने अजून सांगितलेलं नाही.