हिवाळ्यात डेक धुण्यासाठी ऑक्सिजन ब्लीच: पावडर खणखणीत, घोडं अडतं पाण्यापाशी

डब्यावर ‘ऑक्सिजन ब्लीच’ लिहिलेलं असो की ‘डेक क्लीनर’, मागे घटकांत सोडियम परकार्बोनेट शोधायचं. पाण्यात पडलं की त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड सुटतं आणि मागे उरतो आपला धुण्याचा सोडा. पेरॉक्साइड शेवाळ आणि बुरशीचे डाग उडवतं, सोडा मळ सोडवतो. उन्हाळ्यात लाकडी डेकसाठी, म्हणजे घराबाहेरच्या फळ्यांच्या ओट्यासाठी, याहून बरं काही नाही. न्यू जर्सी-टोरांटोकडच्या नोव्हेंबरात मात्र हीच पावडर ‘काही कामाची नाही’ ठरते, आणि दोष बहुतेक वेळा पाण्याचा असतो.

परकार्बोनेटला ऊब लागते. ४० ते ५० अंश सेल्सिअसच्या पाण्यात ते छान फसफसतं. ५-६ अंशांच्या पाण्यात लवकर विरघळतही नाही. दाणे तळाशी बसतात आणि फळीवर जातं ते कमजोर पाणी. त्यात थंडीत पाइप फुटू नये म्हणून बाहेरचा नळ बंद केलेला असतो, म्हणजे बादल्या स्वयंपाकघरातूनच न्यायच्या. मग गरमच न्याव्यात.

चार लिटर गरम पाण्याला एक कप पावडर, म्हणजे साधारण सव्वादोनशे ग्रॅम. शेवाळाचा थर जाड असेल तर दीड कप. एवढ्यात अंदाजे शंभर चौरस फूट होतं, पण थंडीत एका वेळी तीस-चाळीस फुटांपुरतंच कालवावं, कारण बादली निवली की जोर गेला. हे पाणी पंपाच्या बंद स्प्रेअरमध्ये कधीही भरून ठेवू नये. ऑक्सिजन सुटत राहतो, दाब वाढतो आणि टाकी फुटू शकते. झाडांना पाणी घालायची झारी उत्तम.

उन्हाळ्यात फळ्या आधी भिजवून घेतात. इथे ते टाळावं; गार ओलं लाकूड द्रावणाची ऊब पिऊन टाकतं. पाला आणि माती कोरडीच झाडावी, फळ्यांमधल्या फटी पट्टीनं मोकळ्या कराव्यात आणि मग ओतावं. एरवी दहा-पंधरा मिनिटं पुरतात, थंडीत वीस-पंचवीस द्यावीत. मध्ये फळी सुकू लागली तर पुन्हा थोडं ओतावं. नंतर नायलॉनच्या ताठ ब्रशनं रेषांच्या दिशेनं घासावं. तारेचा ब्रश नको. त्याचे तुटलेले तुकडे लाकडात अडकून गंजतात.

कपड्यांच्या डागांसाठीची परकार्बोनेट पावडरही चालते, पण तिच्यात साबण असतो. फेस काढायला दुप्पट पाणी लागतं, आणि हिवाळ्यात महाग पडतं ते पाणीच. त्यामुळे बिनवासाची, बिनफेसाची साधी पावडर जास्त गुणांची. क्लोरीनचं ब्लीच झटपट पांढरं करतं खरं, पण लाकडाचे तंतू सैल होतात आणि स्क्रू गंजतात. दोन्ही एकत्र तर मुळीच करू नयेत.

सिडरचं लाकूड धुतल्यावर काळपट झालं म्हणून घाबरायचं कारण नाही. सोड्याच्या क्षारानं लाकडातलं टॅनिन (नैसर्गिक तुरट द्रव्य) गडद होतं. त्यावर ऑक्झॅलिक ॲसिड: चार लिटर पाण्यात शंभर ग्रॅम, दहा मिनिटं, मग भरपूर पाणी. स्क्रूभोवतीचे निळसर काळे डागही त्यानंच जातात, ऑक्सिजन ब्लीचनं नाही. आधीचं द्रावण पूर्ण धुऊन मगच हे लावायचं. हातमोजे आणि चष्मा हवाच. ॲसिड विषारी आहे, मुलं आणि कुत्री आत ठेवावीत.

दिवस निवडणं हा अर्धा भाग. दुपारी सात-आठ अंश, ऊन आणि रात्री पारा शून्याखाली जाणार नाही असा अंदाज हवा. अकराला सुरुवात, दोनच्या आत शेवटची बादली, नंतर रबराच्या वायपरनं पाणी ढकलून टाकायचं. फटीत राहिलेलं पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं आणि भेगा रुंद करतं. वर बर्फाचा जो पातळ, न दिसणारा पापुद्रा धरतो, त्यावर पहिला घसरतो तो दूधवाला किंवा सासरे. प्रेशर वॉशर या दिवसांत बाहेर काढूच नये. पंपात राहिलेलं पाणी गोठलं तर पंप तडकतो, आणि पाइनसारखं मऊ लाकूड तसंही जोरदार धारेनं पिंजतं.

सीलर, म्हणजे लाकडात पाणी मुरू न देणारा लेप, वसंतातच लावायचा: पारा १० अंशांच्या वर आणि लाकडातली ओल १५ टक्क्यांखाली आल्यावर.

थंडीसाठी पाचपैकी साडेतीन. अर्धा गुण कापला तो डब्याच्या झाकणासाठी. दमट गॅरेजमध्ये पावडरीचा खडा होतो आणि जोर उतरतो. मागच्या वर्षीचा डबा वापरायचा असेल तर चमचाभर पावडर कपभर गरम पाण्यात टाकून पाहावी. थोड्या वेळात बुडबुडे आले नाहीत तर नवा डबा आणावा.